चार्जशीट हातात पडली की लगेच मॅटमध्ये धावायचं का? पहिल्यांदाच अडकलेल्यांसाठी पायरीपायरीने

विभागीय चौकशीचं ज्ञापन, म्हणजे चार्जशीट किंवा दोषारोपपत्र, हातात पडलं की संध्याकाळपर्यंत ऑफिसातले दोन-तीन जण तरी सांगून जातात, "काळजी करू नका साहेब, मॅटमधून उडवून आणा". मॅट म्हणजे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची सेवेची प्रकरणं ऐकणारं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. बोलायला सोपं आहे. मी बरीच वर्षं बचाव सहाय्यक, म्हणजे चौकशीत कर्मचाऱ्याची बाजू मांडायला मदत करणारा, म्हणून लोकांच्या चौकशांत बसलोय, त्याच्या आधी माझी स्वतःची डी.ई. (विभागीय चौकशी) पण झालीय, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात, आणि बहुतेक चार्जशीट कोर्टात उडत नाहीत हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. चौकशी चालू असताना कोर्ट शक्यतो हात घालत नाही. पण "शक्यतो" म्हटलंय, "कधीच" नाही, आणि तो फरक कुठे आहे हे कळलं की पैसा, वेळ आणि बीपीच्या गोळ्या तिन्ही वाचतात.

हे मुख्यतः महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ ज्यांना लागतात अशा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी लिहितोय. बाकीच्यांसाठी मधे मधे सांगीन.

१. कोर्ट का थांबतं ते आधी समजून घ्या

सुप्रीम कोर्टाचा २००६ चा एक निकाल आहे, युनियन ऑफ इंडिया विरुद्ध कुनिसेट्टी सत्यनारायण. सरकारी वकील उभा राहिला की पहिल्यांदा हाच पुढे करतो, त्यामुळे तोंडपाठ असू द्या. त्याचा मुद्दा असा की कारणे दाखवा नोटीस किंवा दोषारोपपत्र आलं म्हणून तुमचा कुठलाच हक्क अजून गेलेला नाही, शिक्षा झालेली नाही, पगार कापला नाही, तुमचं उत्तर बघून अधिकारी कदाचित प्रकरण बंदही करतील किंवा चौकशीत आरोप सिद्धच होणार नाहीत. मग आत्ता कोर्टाने बघायचं काय? अशा अर्जाला अकाली म्हणतात. बोर्डाचा पेपर लिहिता लिहिता रिचेकिंगचा फॉर्म भरायला गेल्यासारखं ते दिसतं.

दुसरं कारण कमी लोक सांगतात पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. साक्षीदार खरं बोलतोय का, सही कोणाची, स्टॉक रजिस्टरमध्ये खाडाखोड कोणी केली, हे सगळं ठरवायला पुरावा लागतो आणि तो चौकशी अधिकाऱ्यासमोर येतो, प्रतिज्ञापत्रांवर ठरत नाही. म्हणून "मी हे केलंच नाही" हा तुमचा मुद्दा कितीही खरा असला तरी या टप्प्यावर कोर्टात त्याला किंमत नाही. तो चौकशीत चालतो.

२. हातात नेमकं काय आलंय ते बघा

सगळे याला सरसकट "नोटीस" म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. चार वेगळ्या गोष्टी असू शकतात:

- नुसता खुलासा मागणारं पत्र. ही चौकशी सुद्धा नाही अजून. याच्यावर कोर्टात जाणं म्हणजे शुद्ध वेळ वाया.
- नियम १० खालचं ज्ञापन, म्हणजे किरकोळ शिक्षेसाठी.
- नियम ८ खालचं ज्ञापन, म्हणजे जबर शिक्षेसाठी. याच्यासोबत चार जोडपत्रं असतात: एकमध्ये दोषारोप, दोनमध्ये त्याचं विवरण, तीनमध्ये कागदपत्रांची यादी, चारमध्ये साक्षीदारांची यादी. चारही आहेत का ते मोजून घ्या आणि पोहोच देताना जे नाही ते तिथेच लिहा.
- निलंबनाचा आदेश. हा प्रकार पूर्ण वेगळा आहे कारण याने आत्ताच, आजच तुमचं नुकसान होतंय. २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे ओढू नये आणि दिलं असेल तर पुढे वाढवायला कारणं देऊन आदेश काढावा लागतो. त्यामुळे निलंबन रेंगाळलं असेल तर थांबायचा सल्ला तिथे लागू नाही. चार्जशीट आणि निलंबन यांची भेळ करून एकच अर्ज टाकू नका, चांगला मुद्दा कमकुवत मुद्द्याबरोबर बुडतो.

३. दार कुठलं ते ठरवा

राज्य सरकारी कर्मचारी असाल तर आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहे. थेट हायकोर्टात जाता येत नाही, १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालात सात न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केलंय की सेवेच्या बाबतीत पहिली पायरी न्यायाधिकरणच, त्याच्या निकालावर मग हायकोर्टाचं खंडपीठ. केंद्रातले असाल तर कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटमध्ये येत नाहीत, त्यांचे नियमही वेगळे आहेत, त्यांना हायकोर्टच. आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे तिकडच्यांनी हायकोर्टासाठी मुंबईची गाडी पकडायच्या आधी वकिलांना विचारून घ्या.

खाजगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकांनो, तुमचं शाळा न्यायाधिकरण बडतर्फी, काढून टाकणं, पदावनती असं काही झाल्यावर अपिलाला आहे, चौकशी चालू असताना तिथे काही नाही.

४. तुमचं प्रकरण अपवादात बसतं का ते तपासा

इथे घाई करू नका, एक रविवार काढून बसा. चार्जशीट, नियमांचं पुस्तक आणि पेन्सिल.

१९९८ चा व्हर्लपूलचा निकाल आहे, वॉशिंग मशीनवाली कंपनी. मुंबईच्या ट्रेड मार्क रजिस्ट्रारने नोंदणी रद्द करायची नोटीस काढली होती, मुंबई हायकोर्ट म्हणालं आत्ता नाही, पण सुप्रीम कोर्टाने ती नोटीस रद्द केली कारण रजिस्ट्रारला त्या वेळी तो अधिकारच नव्हता. त्यात अपवाद सांगितलेत: मूलभूत हक्काचा प्रश्न असेल, नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल, कारवाईच मुळात अधिकाराबाहेरची असेल, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान असेल. आपल्या कामाचे यातले मधले दोन, त्यातही खरा चालणारा एकच. अधिकार नसणं.

अधिकार नसणं म्हणजे काय ते उदाहरणाने बघू. निवृत्त झाल्यावर चार्जशीट आली असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तीवेतन) नियम, १९८२ मधला नियम २७ काढा. निवृत्तीनंतर चौकशी सुरू करायला शासनाची मंजुरी लागते आणि चौकशी सुरू होण्याच्या चार वर्षांहून आधी घडलेल्या घटनेवर ती सुरूच करता येत नाही. आता पेन्सिल घ्या, जोडपत्र दोनमध्ये घटनेची तारीख शोधा, ज्ञापनाची तारीख बघा, वजाबाकी करा. चार वर्षांच्या वर गेलं तर तुमच्याकडे असा मुद्दा आहे ज्याला साक्षीदार लागत नाही, दोन कागद समोर ठेवले की झालं. कोर्टाला असे मुद्दे आवडतात. पण नोकरीत असतानाच चार्जशीट मिळाली आणि मग निवृत्त झालात तर हा मुद्दा चालत नाही, यात खूप जण गोंधळतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "चार्जशीटवर सही नेमणूक अधिकाऱ्याची नाही, मग रद्द ना?" नाही, इतकं सोपं नाही. संरक्षण सचिव विरुद्ध प्रभाष चंद्र मिर्धा या २०१२ च्या निकालात सांगितलंय की शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्यानेच चार्जशीट द्यायला हवी असं काही नाही. मग लगेच कोणीतरी २०१३ चा बी. व्ही. गोपीनाथ निकाल दाखवतं, त्यात मंजुरी नसलेली चार्जशीट रद्द झालीय. दोन्ही खरे आहेत. गोपीनाथमध्ये तिथल्या नियमांप्रमाणे दोषारोपांना सक्षम प्राधिकाऱ्याची स्वतःची मंजुरी लागत होती आणि ती घेतलेली नव्हती. म्हणजे सहीखालचं पदनाम बघून भांडू नका, तुमच्या नियमात मंजुरी कोणाची लागते ते वाचा आणि मग माहिती अधिकारात टिपणीची प्रत मागा.

तिसरा प्रकार, निर्णय आधीच झालाय आणि नोटीस नावाला आहे. ओरिक्स फिशरीजच्या २०१० च्या प्रकरणात नोटिशीतच लिहिलं होतं की तुम्ही सदोष माल पाठवल्याचं निःसंशय सिद्ध झालंय. सिद्धच झालंय तर कारणं कसली दाखवायची? सुप्रीम कोर्टाने तो मुद्दा उचलून धरला. तुमच्या नोटिशीत "सिद्ध होते", "आपण दोषी आहात" अशी भाषा आहे की "प्रथमदर्शनी दिसून येते" अशी आहे ते अधोरेखित करा. हल्ली ऑफिसं हुशार झालीत, "प्रथमदर्शनी" घालतातच.

चौथा, विलंब. इथे सगळ्यात जास्त अपेक्षाभंग होतो. २००५ च्या पी. व्ही. महादेवन प्रकरणात दहा वर्षांच्या उशिराचं कारण देता आलं नाही म्हणून चार्जशीट रद्द झाली, हे खरंय. पण मिर्धामध्ये कोर्टाने हेही सांगितलंय की नुसत्या उशिराने रद्द होत नाही, आरोप किती गंभीर आहे ते पण बघावं लागतं. अपहाराचा आरोप असेल तर विलंबावर फार विसंबू नका. आणि "उशीर झाला" म्हणण्यापेक्षा "उशिरामुळे अमुक साक्षीदार वारला, तमुक रजिस्टर नष्ट केलं" असं ठोस असेल तरच मांडा.

पाचवा, फौजदारी केस पण चालू आहे. एसीबीच्या (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या) ट्रॅपमधल्यांना हा प्रश्न हमखास पडतो. १९९९ चा कॅप्टन पॉल अँथनी निकाल वाचा. दोन्ही एकत्र चालू शकतात हा नियम, आणि आरोप गंभीर, तथ्यं तीच, कायद्याचे प्रश्न गुंतागुंतीचे असं सगळं असेल तर चौकशी थांबवणं इष्ट. फौजदारी केस रखडली तर थांबलेली चौकशी पुन्हा सुरू करता येते, हेही त्यातच आहे.

यातलं काहीच बसत नाही? मग मॅट विसरा आणि पुढची पायरी नीट वाचा.

५. उत्तर द्याच

सगळ्यात मोठा सापळा हा. "केस टाकलीय ना, आता उत्तर कशाला?" अर्ज दाखल झाला म्हणजे स्थगिती मिळाली असं होत नाही. तिकडे तारखा पडत राहतात, इकडे एकतर्फी चौकशी होते, आणि मग कोर्टातही पहिला प्रश्न हाच येतो की बचावाचं निवेदन दिलंत का. ज्ञापनात दिलेल्या मुदतीत द्या. कागद मिळाले नसतील तर मुदत वाढवून मागा, ती पण लेखी, आणि आवक क्रमांक टाकलेली पोहोच घ्या.

अधिकाराचा मुद्दा असेल तर तो उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा, आणि खाली स्पष्ट म्हणा की हा आक्षेप व माझे सर्व हक्क राखून हे उत्तर देत आहे. नंतर कोणी म्हणायला नको की तुम्ही गुपचूप भाग घेतला. चौकशी अधिकाऱ्याबद्दल पक्षपाताचा आक्षेप असेल तोही पहिल्याच सुनावणीला लेखी द्या. अहवाल विरोधात गेल्यावर आठवलेला पक्षपात कोणी ऐकत नाही, आणि मला विचाराल तर ऐकूही नये.

६. चौकशीतच तुमची केस बांधा

आज कोर्ट हात घालणार नाही, पण शिक्षेनंतर घालेल, आणि तेव्हा ते बघणार आहे आज तयार होत असलेली फाईल. पुरावा परत तपासत बसत नाहीत, प्रक्रिया नीट झाली का ते बघतात. म्हणून प्रक्रियेतली प्रत्येक चूक कागदावर आली पाहिजे.

जोडपत्र तीन उघडा. बऱ्याचदा त्यात "संबंधित नस्ती" (नस्ती म्हणजे फाईल) असं एका ओळीत असतं, ना पान नंबर ना तारीख. लेखी विचारा, कुठली नस्ती, पृष्ठ किती ते किती. अवलोकनाला बोलावलं तर जाताना कोरा कागद घेऊन जा आणि काय दाखवलं, काय नाही याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. १९८६ चा काशीनाथ दीक्षित निकाल याच गोष्टीवर आहे, पोलीस अधिकारी होते, जबाबांच्या आणि कागदांच्या प्रती मागितल्या, दिल्या नाहीत, शेवटी सुप्रीम कोर्टाने नोकरीतून काढल्याचा आदेश रद्द केला. मुद्दा जमला कारण मागणी वेळेत आणि लेखी केलेली होती.

रोजनाम्यावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीवर, न वाचता सही करू नका. तुम्ही उलटतपासणीत प्रश्न विचारला आणि तो नाकारला, तर "प्रश्न नाकारला" एवढं तरी त्यात आलं पाहिजे. नाही आलं तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा, आणि तिथे लिहू दिलं नाही तर त्याच दिवशी अर्ज देऊन पोहोच घ्या. बचाव सहाय्यक शांत डोक्याचा बघा, भांडकुदळ नको. सामान्य प्रशासन विभागाची विभागीय चौकशी नियमपुस्तिका, १९९१ मिळवून वाचा, चौकशी अधिकाऱ्यासमोर त्यातला परिच्छेद क्रमांक सांगितला की बोलण्याचा सूरच बदलतो.

७. फाईलमध्ये काय काय हवं

- ज्ञापन आणि चारही जोडपत्रं, मिळाल्याची तारीख टाकून
- ज्ञापन आलेला लिफाफा किंवा ईमेलची प्रिंट
- तुमचं उत्तर आणि पोहोच
- कागदपत्रं मागितल्याचे सगळे अर्ज, नकार आला असेल तर तो, उत्तरच आलं नसेल तर स्मरणपत्रं
- प्रत्येक तारखेचा रोजनामा, साक्षी, उलटतपासणी
- निलंबन असेल तर आदेश, निर्वाह भत्त्याचा हिशोब, आढाव्याबाबतचा पत्रव्यवहार
- तुम्हाला लागू असलेल्या नियमांची अद्ययावत प्रत
- तारखांचा एक पानी तक्ता. वकील पहिल्यांदा हाच वाचतात, काही जण फक्त हाच वाचतात.

८. जायचंच असेल तर छोटं मागा

"चार्जशीट रद्द करा" ही मोठी मागणी. ती अपवादात बसत असेल तरच. नाहीतर चालू चौकशीतही काही मागण्या अशा आहेत ज्या मान्य व्हायची शक्यता बरी असते: अमुक कागद द्या, चौकशी ठराविक मुदतीत संपवा, निलंबनाचा आढावा घ्या. मुदतीसाठी २०१५ चा प्रेमनाथ बाली निकाल हाताशी ठेवा, त्यात चौकशी शक्यतो सहा महिन्यांत आणि फारच झालं तर वर्षभरात संपवायचा प्रयत्न करावा असं म्हटलंय. आधी ही मागणी ऑफिसला लेखी केलेली असू द्या, कारण प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ चं कलम २० सांगतं की हातातले उपाय वापरल्याशिवाय अर्ज साधारणपणे दाखल करून घ्यायचा नाही.

स्थगितीबद्दल एक सांगतो, वकील बहुधा सांगत नाहीत. स्थगिती मिळाली म्हणजे जिंकलात असं नाही. चौकशी प्रलंबित राहते, बढतीच्या वेळी तुमचं नाव बंद पाकिटात जातं, म्हणजे चौकशी संपेपर्यंत तुमच्या बढतीचा निर्णय उघडत नाहीत, आणि निवृत्ती आली तर तात्पुरतं पेन्शन चालू होऊन ग्रॅच्युइटी अडकते. ज्याची नोकरी दोन-तीन वर्षं उरलीय आणि आरोप फुसके आहेत त्याने तर चौकशी लवकर संपावी म्हणून मागे लागायला हवं, ती थांबवून काय मिळवणार? उलट अपहाराच्या आरोपात मुद्दाम लांबण लावणारेही पाहिलेत, त्यांचं गणित वेगळं असतं, त्यावर मी काही बोलत नाही.

९. कोर्टाचा कल विरोधात दिसला तर

अर्ज फेटाळला जाणार असं सुनावणीतच कळतं. समोरून "हे सगळं चौकशीत मांडा ना" असं ऐकू आलं की समजायचं. तेव्हा हट्टाने युक्तिवाद ताणून गुणवत्तेवर विरोधी ओळी लिहून घेऊ नका, चौकशी अधिकारी त्याच ओळी पुढे चिकटवतो. वकिलांना सांगा, मुद्दे खुले ठेवून अर्ज मागे घेण्याची परवानगी मागा. आदेशात तीन गोष्टी आल्या तर तुमचा फेरा फुकट गेला नाही: सर्व मुद्दे खुले आहेत, उत्तर द्यायला अमुक दिवसांची मुदत, आणि चौकशी अमुक महिन्यांत संपवावी. आदेशाची प्रत निघाली की लगेच चौकशी अधिकाऱ्याला आणि शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याला, दोघांनाही द्या, मुदत त्यांना आपोआप कळत नाही.

१०. अहवाल आल्यावर

चौकशी अहवालाची प्रत शिक्षेच्या आधी मिळायलाच हवी, हे १९९३ च्या करुणाकर प्रकरणात घटनापीठाने ठरवलंय. पण त्याच निकालात हेही आहे की प्रत न मिळाल्याने तुमचं काय बिघडलं ते दाखवावं लागतं. म्हणून अहवालावरच्या निवेदनात "अहवाल चुकीचा आहे" असं मोघम लिहू नका. साक्षीदार क्रमांक दोनने उलटतपासणीत काय कबूल केलं आणि अहवालात ते कुठे गाळलंय, पान नंबरसकट लिहा.

शिक्षेचा आदेश निघाला की आता तुमचा हक्क खरोखर दुखावलाय आणि अकाली हा शब्द संपला. तरी आधी विभागीय अपील करायचं, मुदत आदेश मिळाल्यापासून मोजायची. अपिलावर निर्णय आला तर तिथून एक वर्षाच्या आत मॅट. सहा महिने काहीच उत्तर नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. ऑफिसात चकरा मारत "साहेब बघतो म्हणालेत" यावर बसून राहिलात तर हीच मुदत निघून जाते, आणि मग विलंब माफीचा वेगळा अर्ज करून प्रत्येक महिन्याचा हिशोब देत बसावं लागतं.